अकरा जणांची पावलं

ज्या वर्षी स्तामेनाच्या धाकट्या भावाने, तिहोमिरने, सोडलेल्या बायकोशीच पुन्हा लग्न लावलं, त्या वर्षी सप्टेंबरातल्या एका सोमवारी सकाळी एक मुलगी कॉफीच्या खोलीत शिरली आणि काही न बोलता भिंतीला टेप लावून मोजमाप घेऊ लागली.

स्तामेनाला मागे वळून बघता येईना. पितळी भांड्यातली कॉफी नुकती वर यायला लागली होती, आणि कॉफी वर येत असताना दारात साक्षात देव उभा राहिला तरी त्याने थांबावं, असा तिचा एकतीस वर्षांचा नियम होता. फेस काठापर्यंत आला, तिने भांडं उचललं, चार कपांत फेस सारखा वाटला, आणि मगच ती वळली.

"काय मोजतेयस गं पोरी? शवपेटी बसते का बघतेस?"

"नाही नाही," मुलगी दचकली. "व्यायामाचा कोपरा बसतो का बघत होते. मी इस्क्रा. कर्मचारी आरोग्य अधिकारी. आजच रुजू झाले."

"आजारी आहे का कुणी?"

"तसं नाही. कुणी आजारी पडू नये म्हणून."

"मग बस. कॉफी घे. तोंड बघ किती सुकलंय."

इस्क्राने कॉफी घेतली नाही. ती फक्त गरम पाणी पीत असे, त्यात लिंबू. वहीत तिने लिहिलं : लांबी तीन मीटर, रुंदी दोन मीटर, एक खिडकी, एक बाई. 'एक बाई' तिने नंतर खोडलं, पण ते स्तामेनाने पाहिलं होतं.

मोरावा नदीच्या काठचा हा कारखाना पाण्याच्या नळांचे व्हॉल्व्ह बनवायचा. तीन वर्षांपूर्वी तो ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या लोकांनी विकत घेतला. त्यांनी फाटक रंगवलं, पाटी बदलली, आणि आत सगळं होतं तसंच राहिलं. तिसऱ्या मजल्यावर ड्रॉइंग विभाग, त्यात अकरा माणसं, आणि त्यांच्या शेजारी स्तामेनाची खोली. तिथून ती कॉफीचा ट्रे घेऊन निघायची ती ड्रॉइंगमधून दुसऱ्या मजल्यावर, तिथून खाली वजनकाट्यावर, अंगण ओलांडून भांडारात, आणि पुन्हा वर. लिफ्ट होती, पण ती मालाची. माणसांना जिना. असं दिवसातून सात वेळा. वय बासष्ट, नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं, आणि पेन्शनला राहिले होते चौदा महिने.

दुपारी सगळ्यांना खालच्या सभागृहात बोलावलं गेलं. पडद्यावर एक माणूस पांढरेशुभ्र दात दाखवत कच्चं गाजर खात होता.

"हा कुठल्या विभागातला?" ड्रॉइंगचे प्रमुख दोब्रिवोये यांनी मोठ्याने विचारलं. दोब्रिवोये म्हणजे एकशेअठरा किलो, जाड भुवया, आणि उभं राहायची वेळ आली की आधी दोन्ही हात टेबलावर टेकून थोडा विचार करणारा माणूस.

"साहेब, ते फक्त चित्र आहे," इस्क्रा म्हणाली.

"वाटलंच. आपल्यात एवढा खूश कोण असतो?"

इस्क्राने न डगमगता सांगायला सुरुवात केली. प्रत्येकाला मनगटावर बांधायला एक पट्टा मिळणार. तो पावलं मोजणार, नाडीही मोजणार, आणि सगळं तिच्या पडद्यावर दिसणार. सहा आठवड्यांनी जो विभाग सगळ्यांत कमी चालला असेल, त्याच्या मजल्यावरची कॉफीची खोली बंद करून तिथे व्यायामाचा कोपरा होणार. शिवाय रोज दहा वाजता समोरासमोरच्या खिडक्या पाच मिनिटं उघड्या ठेवायच्या.

इतका वेळ लोक शांत होते. खिडक्यांचं ऐकल्यावर सभागृह उठलं.

"समोरासमोरच्या?" ड्रॉइंगची देसांका ओरडली. ती जूनमध्येही गळ्याला रुमाल बांधायची. "म्हणजे वाऱ्याचा झोत आरपार? अगं, मारायला आलीस का आम्हाला? माझा चुलतभाऊ झोतात बसला, फक्त सूप संपेपर्यंत, आणि तोंड इकडचं तिकडे गेलं त्याचं!"

"ताई, ताजी हवा..."

"ताजी हवा बाहेर असते! ती आत घ्यायला कुणी सांगितलंय?"

खिडक्या पाच मिनिटांऐवजी एक मिनिट, आणि त्या वेळात देसांका जिन्यात उभी राहील, असं ठरलं. पट्टे मात्र सगळ्यांना बांधले गेले. स्तामेनाला मिळाला नाही. ती कुठल्याच विभागात मोडत नव्हती.

पहिल्या आठवड्याचा आकडा भिंतीवर लागला आणि ड्रॉइंग विभाग तळाला होता. नुसता तळाला नाही. वरच्या विभागाचा आणि त्यांचा काही संबंधच उरला नव्हता. दोब्रिवोयेंची रोजची पावलं होती आठशेबारा.

"त्यातली दोनशे कॉफीला उशीर झाला म्हणून," ते म्हणाले. "दारापर्यंत जाऊन दोनदा बघून आलो."

रविवारी त्यांनी पट्टा कुत्र्याच्या पायाला बांधला. कुत्रा मालकावर गेला होता. दिवसभरात त्याने तीनशेचाळीस पावलं टाकली, तीही ताटलीकडे. सोमवारी इस्क्राचा फोन आला.

"साहेब, काल दुपारी तुमची नाडी मिनिटाला एकशेतीस होती. पावलं शून्य. काय करत होतात?"

"विचार," दोब्रिवोये म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.

त्याच दिवशी स्तामेना अकराच्या फेरीचा ट्रे घेऊन आत आली तेव्हा अकरा माणसं तिच्याकडे बघत होती. कपांकडे नाही, पायांकडे.

"काय झालं? मोजा उलटा घातलाय का मी?"

"स्तामेना," दोब्रिवोये अगदी हळू आवाजात म्हणाले, "तू दिवसाला किती चालतेस गं?"

"मला काय माहीत? मला कुठे पट्टा दिलाय?"

"हेच," दोब्रिवोये म्हणाले, "हेच म्हणतोय मी."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी साडेसातला देसांका कॉफीच्या खोलीचं दार लावून घ्यायची आणि बांगड्या भराव्यात तसे स्तामेनाच्या हातांवर पट्टे भरायची. मनगटापासून कोपरापर्यंत, उजव्या हातावर सहा, डाव्यावर पाच, वरून लांब बाह्यांचा स्वेटर. उजव्या हातावरून आधी भांडण झालं. डाव्या हातावर स्तामेना ट्रे पेलायची, त्यामुळे तो हात हलत नसे आणि तिकडचे पट्टे कमी मोजायचे. दोब्रिवोयेंनी अधिकार वापरून उजवं मनगट मिळवलं. डाव्या हाताचे पाच जण आठवडाभर रुसून होते.

"खोली माझी, पाय माझे, आणि भांडताय तुम्ही," स्तामेना म्हणाली. "उद्या उजव्या पायासाठी पण चिठ्ठ्या टाकाल."

पण तिला मनातून बरं वाटत होतं. ती खोली गेली असती तर ती कुठे बसणार होती? घरी तिची चूल होती, पण तिथे एकच कप लागायचा.

आता त्या खोलीत काय चालायचं ते सांगायला हवं, कारण इस्क्राच्या वहीत त्याला रकाना नव्हता. कॉफी पिऊन झाली की लोक कप बशीत पालथा घालायचे. गाळ खाली ओघळून त्याची नक्षी व्हायची, आणि रिकामे कप गोळा करताना स्तामेना ती वाचायची. गाव लहान, त्यामुळे तिचं वाचन नदीपलीकडेही माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी तिने दोब्रिवोयेंचा कप उलटा केला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "विहीर दिसतेय. तळच नाही हिला. साखर तपासून घे." साखर निघाली, आणि तीही चांगलीच. देसांकाच्या कपात तिला मानेवर बसलेला काळा पक्षी दिसला. देसांका डॉक्टरकडे गेली, मानेमागचा तीळ काढून टाकला, आणि डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. त्यानंतर कारखान्यात तिच्या शब्दावर कुणी वाद घातला नाही.

खरं म्हणजे स्तामेनाला कपात काय दिसायचं? गाळ. पण दोब्रिवोये कॉफीबरोबर एकाऐवजी तीन ग्लास पाणी मागायला लागले होते, हे तिला दिसलं होतं. देसांका टेबलावर वाकली आणि रुमाल सरकला, तेव्हा तीळ दिसला होता. ट्रे घेऊन माणसांच्या मागून, वरून, रोज सात वेळा जाणाऱ्या बाईला पुष्कळ दिसतं. सरळ सांगितलं असतं तर "तुझं काम बघ" म्हणाले असते. कपाने सांगितलं की डॉक्टरकडे जात.

तिचा स्वतःचा कप मात्र कुणी वाचत नव्हतं. स्वतःचा कप स्वतः वाचायचा नसतो, आणि तसंही ती भांड्यात उरलेली कॉफी उभ्याउभ्याच संपवायची. वर चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबायची. खिडकीतून अंगणातलं नासपतीचं झाड दिसायचं. कुणी विचारलं तर म्हणायची, "नासपती बघतेय, यंदा बऱ्या आल्यात."

चौथ्या आठवड्यात ड्रॉइंग विभाग मधोमध आला. पाचव्यात दुसरा. आणि सहाव्या, शेवटच्या आठवड्यात शनिवारी स्तामेना भावाच्या दुसऱ्या दिवशीच्या लग्नाला निघायच्या तयारीत असताना दोब्रिवोये तिच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. एवढं अंतर ते आपणहून चालून आले होते, म्हणजे काम मोठं असणार.

"स्तामेना, लग्नात कोलो नाचणार ना तू?"

"भाऊ आहे माझा. नाचायला नको?"

"मग आमचंही नाच."

"लग्नात या बांगड्या घालून जाऊ? लोक काय म्हणतील?"

"बाह्या लांब घाल. आणि जरा उजव्या बाजूने उड्या मारत जा."

तिहोमिरचं ते लग्न गावाने फार मनावर घेतलं नव्हतं. बायको तीच, सासू तीच, भेटवस्तूही बऱ्याचशा त्याच. पण ढोल आणि तुताऱ्यावाले आले तसं कुणाला बसवेना. हातात हात धरून कोलोची साखळी अंगणभर फिरली, रस्त्यावर गेली, शेजाऱ्याच्या कोबीतून परत आली. स्तामेना साखळीच्या टोकाला होती, आणि टोकाच्या माणसाला सगळ्यांत जास्त पळावं लागतं. तिने अकरा जणांसाठी नाचायचं ठरवलं होतं आणि नाचता नाचता ती ते विसरून गेली. दहा वर्षांत ती अशी नाचली नव्हती.

संध्याकाळी ती बाकावर मटकन बसली. तोंड पांढरं पडलं होतं.

"काय गं अक्का?" तिहोमिर आला. "चक्कर?"

"छातीत मासोळी फिरल्यासारखं होतंय. उडते, थांबते, परत उडते."

"रिकाम्या पोटी नाचलीस. ही घे, प्लमची दारू आहे, घरची."

तिने घोटभर घेतली. मासोळी थोडी शांत झाली. तिने बाह्या खाली ओढल्या आणि कुणाला काही सांगितलं नाही.

सोमवारी ड्रॉइंग विभागातल्या अकरा माणसांच्या नावावर रविवारची सरासरी एक्केचाळीस हजार पावलं लागली होती. ग्राझला खुर्च्या हलल्या म्हणे. बुधवारी इस्क्रा वर आली ती हातात पत्र घेऊन, गाल लाल झालेले.

"तुम्ही पहिले आलात!" ती म्हणाली. "नुसते इथले नाही, त्यांच्या चारही कारखान्यांत पहिले! मला कळतच नाहीये, तुम्ही रविवारी केलंत काय?"

सगळ्यांनी दोब्रिवोयेंकडे पाहिलं.

"सहल," दोब्रिवोये म्हणाले. "डोंगरावर."

"सगळे मिळून? किती छान! आणि ग्राझने बक्षीस पाठवलंय. व्यायामाची सायकल, अगदी नवी. सोमवारी येईल." ती थांबली. आता तिचा आवाज थोडा खाली आला. "ठेवायला या मजल्यावर एकच जागा आहे. आणि तिथल्या साहेबांनी लिहिलंय की इतकं चालणाऱ्या माणसांना कॉफी टेबलावर आणून द्यायची गरज नसावी. स्तामेनाबाईंना भांडारात काम देणार आहेत. हातमोजे मोजायचं. बसून करायचं काम आहे," ती घाईने म्हणाली, "तब्येतीला चांगलं."

ती निघून गेली. हरले असते तर खोली जाणार होती, म्हणून जिंकले, आणि जिंकले म्हणून खोली गेली.

"सांगून टाकू का सगळं?" देसांका म्हणाली. "जाऊन सांगते, अगं बाई, ही आमची पावलं नाहीतच."

"मग शेवटून पहिले याल," स्तामेना म्हणाली. "खोली तशीही जाणारच, वर तुमची नाचक्की. गप्प बसा. कॉफी गार होतेय."

ती तिच्या खोलीत गेली आणि कपाटातले कप एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळू लागली. ज्याचा त्याचा कप ठरलेला होता. दोब्रिवोयेंच्या कपाचा कान तुटला होता आणि त्यांनी तो बदलू दिला नव्हता. तो कप तिने हातात धरला, आणि तेवढाच गुंडाळायचा ठेवून दिला.

पट्टे तिच्या हातावरच होते. ते काढायचं कुणालाच सुचलं नाही. सवय झाली होती, तिलाही आणि त्यांनाही.

गुरुवारी साडेदहाला जिन्यावर धावत येणाऱ्या पावलांचा आवाज आला आणि इस्क्रा दारात येऊन धापा टाकत उभी राहिली. मागे रुग्णवाहिकेची दोन माणसं स्ट्रेचर घेऊन, आणि त्यांच्या मागे कठड्याला धरून, खोकत, कारखान्याच्या दवाखान्यातली डॉक्टर व्हुकिच. ही बाई दिवसाला दोन पाकिटं सिगारेट ओढायची आणि दुसऱ्यांना सोडा म्हणून सांगायची.

"कुणीही हलू नका!" इस्क्रा ओरडली.

"बघा," दोब्रिवोये खुर्चीतून म्हणाले, "शेवटी या बाईला आमचं म्हणणं पटलं."

"साहेब, विनोद नको! तुमचं हृदय ठोके चुकवतंय. सगळ्यांचं! सोमवारपासून पडद्यावर तांबड्या खुणा येतायत, मला वाटलं यंत्र बिघडलं. पण आत्ता, दहा मिनिटांपूर्वी, अकराही जणांचं एकाच क्षणाला चार सेकंद थांबलं. चार सेकंद! हवेत काहीतरी आहे. नाहीतर पाण्यात."

देसांकाने किंचाळून रुमाल घट्ट केला. "मी सांगितलं होतं! खिडक्या! आधीच सांगितलं होतं!"

डॉक्टर व्हुकिच एकेका टेबलाशी गेली. नाडी धरली, घड्याळ पाहिलं, पुढे गेली. रुग्णवाहिकेवाले स्ट्रेचर कुणासाठी उघडायचं ते ठरेना म्हणून उभेच होते. अकराव्या माणसाचा हात सोडून ती मधोमध येऊन थांबली.

"अकरा नाड्या. सगळ्या ठीक. म्हणजे या वयाला, या पोटांना जेवढ्या ठीक असाव्यात तेवढ्या ठीक." मग तिने भुवई उचलली. "आणि अकरा मनगटं. एकावरही पट्टा नाही."

इस्क्राने वळून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"मग हे कुणाचं हृदय आहे?" तिने विचारलं.

बाहेर पत्र्याच्या ट्रेवर कप किणकिणल्याचा आवाज आला. रोजचाच आवाज, पण त्या दिवशी सगळ्यांनी तो ऐकला : दोन पावलं, मग थांबणं, तीन पावलं, मग थांबणं. एकतीस वर्षं तो आवाज थांबत थांबत येत नव्हता. कधीपासून असा येत होता, कुणालाच आठवेना.

स्तामेना दारात आली. "अगं बाई, केवढी गर्दी. कुणी मेलं का?"

दोब्रिवोये उठले. टेबलावर हात टेकून विचार केला नाही, नुसते उठले, दोन टेबलांच्या मधून आडवे निघाले आणि त्यांनी तिच्या हातातला ट्रे काढून घेतला. इतक्या वर्षांत तो ट्रे तिच्या हातातून कुणी घेतला नव्हता. त्यांना तो नीट धरताही येईना. कॉफी बशांत सांडली.

"कुणी मेलं नाही," ते म्हणाले. "म्हणूनच म्हणतो, बस."

"सांडलीस की रे सगळी."

"बस, स्तामेना."

ती त्यांच्याच खुर्चीत बसली. देसांकाने रडत रडत तिच्या स्वेटरच्या बाह्या वर केल्या. काळे रबरी पट्टे कोपरापर्यंत चढले होते, आणि खालची कातडी दाबाने लाल झाली होती. इस्क्रा बघत राहिली.

"उजवीकडे सहा," ती पुटपुटली. "डावीकडे पाच. म्हणून पाच जण कायम कमी चालायचे."

"ट्रे त्या हातात असतो ना, पोरी," स्तामेना समजावल्यासारखी म्हणाली. "तो हलवला तर सांडतं."

डॉक्टर व्हुकिच तिच्यासमोर खाली बसली आणि पट्ट्यांच्या मधे बोटं घालून तिने नाडी शोधली.

"कधीपासून होतंय?"

"लग्नापासून." मग स्तामेना थोडी ओशाळली. "नाही. त्याच्या आधीपासून. दुसऱ्या मजल्यावर नासपती बघायला थांबते मी."

"किती वेळा बघतेस?"

"दर फेरीला."

"मावशी, सगळ्यांना डॉक्टरकडे पाठवतेस," देसांका हुंदके देत म्हणाली, "स्वतःचा कप का नाही गं दाखवलास कुणाला?"

"कुणाला दाखवू? तुम्हाला कुणाला वाचता येतो?"

खाली नेताना तिने स्ट्रेचरवर झोपायला साफ नकार दिला. माणसं बघतात, म्हणाली. मालाच्या लिफ्टमधून, खुर्चीवर बसवून, व्हॉल्व्हच्या दोन खोक्यांच्या मधे तिला उतरवलं. दार बंद होता होता तिने डोकं बाहेर काढलं. "देसांका, भांडं घासून ठेव! साबण लावू नकोस! चव जाते!"

निश शहरातल्या इस्पितळात तिच्या गळ्याच्या हाडाखाली एक लहानसं यंत्र बसवलं, ठोका चुकला की आठवण करून देणारं. ती तिथे तीन आठवडे होती. त्या तीन आठवड्यांत इस्क्राने एक काम केलं, जे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कारखान्यातल्या माणसांना एकेक करून बोलावलं आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : तुम्हाला शेवटचं डॉक्टरकडे कुणी पाठवलं? तिला वाटलं, बायको म्हणतील, आई म्हणतील. चौसष्टपैकी एकोणचाळीस जणांनी सांगितलं, स्तामेनामावशीने, कपात बघून.

मग तिने ग्राझला लिहिलं. अकराही पट्टे एकाच बाईच्या हातावर होते हे लिहिलं, रविवारची सहल नव्हती, लग्न होतं, हेही लिहिलं. शेवटी लिहिलं की या कारखान्यात कर्मचारी आरोग्य अधिकारी एकतीस वर्षांपासून आहे, फक्त तिला तसं कुणी म्हटलं नाही. तेव्हा तिची खोली तिच्याकडेच राहावी, आणि तसं जमणार नसेल तर हातमोजे मोजायला मला पाठवा.

ग्राझकडून बरेच दिवस काही आलं नाही. मग दोन ओळी आल्या. खोली राहू द्या. सायकल परत पाठवू नका.

सायकल ड्रॉइंग विभागाच्या दाराशी ठेवली गेली. दोब्रिवोये तिच्यावर कोट टांगायचे.

स्तामेना परत आली ती डॉक्टर व्हुकिचचा हुकूम घेऊन : ट्रे नाही, जिना दिवसातून एकदाच, तोही सावकाश. आता कॉफी कशी पोचणार, यावर खलबतं झाली, आणि दुसरा काही उपायच निघेना, म्हणून लोक स्वतः यायला लागले. वजनकाट्यावरचे तीन मजले चढून, भांडारवाले अंगण ओलांडून. प्रत्येक जण धापा टाकत यायचा आणि शिव्या देत बसायचा. महिन्याअखेरीस इस्क्राने पडद्यावर पाहिलं तर सगळ्या कारखान्याची पावलं वाढली होती. थोडीच, पण खरी.

तीही यायला लागली. गरम पाण्यात लिंबू टाकून प्यायची, मग एक दिवस तिने कॉफी मागितली, आणि ती संपल्यावर लाजत कप पालथा घातला.

स्तामेनाने कप उचलून बराच वेळ फिरवला. "रस्ता दिसतोय," ती म्हणाली. "लांबचा. त्यावर एक मुलगी चाललीय, हातात गाजर. आणि उपाशी आहे. सकाळचं काही खात नाहीस तू."

"हे कपात दिसतं, मावशी?"

"कपातच. दुसरीकडे कुठे दिसणार?" आणि तिने कागदात बांधलेला, चीज भरलेल्या बुरेकचा तुकडा पुढे सरकवला.

चौदा महिने भरले तेव्हा कारखान्याने तिला घड्याळ दिलं आणि विभागाने नवा स्वेटर दिला, आखूड बाह्यांचा. निघताना तिने दोब्रिवोयेंचा कान तुटलेला कप धुऊन खिडकीत पालथा ठेवला. कोरडा व्हायला, म्हणाली.

त्यानंतरच्या हिवाळ्याअखेरीस ड्रॉइंग विभाग एका सकाळी बंद राहिला. आमच्याकडे दफनभूमी टेकडीवर आहे, चर्चपासून तासाभराची चढण, आणि शववाहिनीच्या मागून पायी जायची रीत आहे. दोब्रिवोयेंसाठी तिहोमिरने गाडी आणून उभी केली होती. ते गाडीपर्यंत गेले, दाराला हात लावला, आणि तसेच पुढे चालू लागले. वाटेत ते तीनदा थांबले. विचारलं तर म्हणाले, नासपती बघतोय. तिथे नासपती नव्हती. वर भणाणता वारा होता, आणि देसांकाने गळ्याचा रुमाल सोडून खड्ड्यात टाकला होता, म्हणून ती तशीच उघड्या मानेने उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी इस्क्राने पडदा उघडला. अकरा नावं, आणि अकरांपुढे अकरा वेगळे आकडे. दोब्रिवोयेंच्या नावापुढे नऊ हजार दोनशेचौदा. तिने पुन्हा तपासून पाहिलं. नाडी जोरात होती, पण सरळ होती. ती त्यांची स्वतःचीच होती.

स्तामेना मिलादिनोविच मार्चच्या सहा तारखेला, बुधवारी सकाळी, आपल्या घरी स्वयंपाकघरात वारली. पेन्शन तिने चार महिने घेतली. चुलीवर कॉफीचं भांडं होतं. ते उतू गेलेलं नव्हतं, तिने वेळेवर उतरवून ठेवलं होतं.